नदीकांठ आणि वारसांचा हक्क

आपल्या मालमत्तेची व्यवस्था आपल्या पश्चातही आपल्याच इच्छेप्रमाणें चालावी, असें मनुष्यास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु जे अद्यापि जन्मासही आलेले नाहींत त्यांचे हात बांधण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हा प्रश्न त्या इच्छेच्या पाठोपाठ उभा राहतो. मृत्युपत्रें, देवस्थानांस दिलेल्या जमिनी, धर्मादाय निधि यांच्या संबंधानें हा वाद आपल्या परिचयाचा आहे. अलीकडे तोच वाद शेतांतून वाहणाऱ्या ओढ्यांच्या कांठीं उपस्थित झाला आहे.

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानाचा आग्नेय भाग सुपीक शेतें व गाईंचे गोठे यांनीं भरलेला आहे. तेथील लँकॅस्टर परगण्यांतले ओढे सस्क्वेहॅना नदीस मिळतात व ती नदी चेसापीक उपसागरास मिळते. नांगर कांठापर्यंत फिरला आणि गुरें पात्रांत उतरलीं, म्हणजे माती, शेण व खतें पावसाबरोबर खालीं जातात. उपसागरांत त्यांच्यावर शेवाळ माजतें, तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो, आणि मासे व खेकडे गुदमरतात. यावर एक साधा उपाय आहे. ओढ्याच्या दोहों बाजूंस झाडांचा पट्टा राखावयाचा. तो १०० फूट रुंद असावा असें अभ्यासक सांगतात. मुळें कांठ धरून ठेवतात, पालापाचोळा गाळ अडवितो, ओल्या मातींतील सूक्ष्म जंतु नायट्रेटच्या बऱ्याच अंशाचें निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतात, आणि सावलीनें पाणी थंड राहतें.

हा पट्टा टिकावा म्हणून तेथील कायद्यानें एक साधन दिलें आहे. त्यास ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ म्हणतात. आपण त्यास संरक्षण-लेख म्हणूं. जमीन मालकाचीच राहते. ती तो कसतो, विकतो, मुलांस देतो. मात्र कांठ नांगरण्याचा किंवा तेथें इमारत बांधण्याचा हक्क तो सोडून देतो, आणि हें बंधन पाळलें जातें कीं नाहीं हें पाहण्याचा अधिकार एखाद्या विश्वस्त संस्थेस किंवा सरकारास देतो. कधीं दान म्हणून, कधीं मोबदला घेऊन. हा लेख बहुधा कायमचा असतो व जमिनीबरोबर प्रत्येक नव्या मालकाकडे जातो. आपल्याकडील ताम्रपटांत दान ‘आचंद्रार्क’ चालावें असें लिहीत, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, ताम्रपटांत दान मोडणाऱ्यास शाप असे. येथें संस्थेचा मनुष्य ठराविक काळानें येऊन कांठ पाहून जातो, आणि प्रसंगीं संस्था न्यायालयांत जाते.

यावरील आक्षेप हलका नाहीं. थॉमस जेफर्सन यानें १७८९ सालीं जेम्स मॅडिसन यास लिहिलेल्या पत्रांत असें प्रतिपादिलें होतें कीं, पृथ्वी जिवंत माणसांच्या उपभोगासाठीं आहे आणि मृतांस तिच्यावर अधिकार नाहीं. ओढ्यालगतची गाळाची जमीन पुष्कळदां शेतांतील उत्तम जमीन असते. आजोबांनीं मोबदला घेतला व तो खर्चून टाकला. नातवाच्या वांट्यास मात्र अडचणीच्या वर्षींही हात न लावतां येणारा पट्टा आला. हा न्याय काय? जो सबंध शेत विकूं शकतो त्यास त्यांतील एक हक्क सोडण्याची मोकळीक असलीच पाहिजे, असें उत्तर कोणी देतील. पण तें पुरेसें नाहीं. शेत विकलें तर एका जिवंत माणसाचा अधिकार दुसऱ्या जिवंत माणसाकडे जातो. येथें तो अधिकार कोणाच्याच हातांत उरत नाहीं.

माझ्या मतें खरें उत्तर त्याच ओढ्यांच्या गाळांत सांपडतें. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत त्या भागांतील लोकांनीं पाणचक्क्यांसाठीं ओढ्याओढ्यांवर बांध घातले. १८४० च्या सुमारास पूर्व अमेरिकेंत अशा ६५ हजारांहून अधिक चक्क्या होत्या. जंगल तोडून नांगरलेल्या उतारांवरील माती वाहत येऊन त्या बांधांमागें साचली. पुढें चक्क्या बंद पडल्या, बांध फुटले, आणि ओढे त्या गाळास चिरीत खालीं गेले. रॉबर्ट वॉल्टर व डोरोथी मेरिट्स या भूशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं, जे उंच, ढासळते कांठ आपण निसर्गाची कृति समजतों ते पुष्कळ ठिकाणीं त्या जुन्या तळ्यांत साचलेले थर आहेत. तो गाळ अजून वाहत आहे. चक्कीवाल्यानें वारसांस बांधणारा कोणताही लेख करून ठेवला नव्हता. तरी आजच्या शेतकऱ्यास मिळालेला ओढा त्याच्याच बांधांनीं घडविलेला आहे.

म्हणजे भावी पिढ्यांस बांधावें कीं मोकळें सोडावें, असा पर्याय आपल्यापुढें नाहींच. कांठापर्यंत नांगरणारा शेतकरीही आपल्या वारसांस बांधीत असतो. फक्त तें बंधन कागदावर उतरत नाहीं, म्हणून त्याचा जाब कोणी विचारीत नाहीं. दोन बंधनांतून एक निवडावयाचें, तर जें पुढच्यांस सोडवितां येईल तें पत्करावें. संरक्षण-लेख बदलण्याचा मार्ग कठीण असला तरी न्यायालयांत अगदींच बंद नाहीं. वाहून गेलेली माती मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमानें परत येत नाहीं.

मग मुदतीचा करार पुरे नाहीं काय? अमेरिकेचें सरकार अशा पट्ट्यांसाठीं १० ते १५ वर्षें भाडें देतें, व त्यामुळें पुष्कळ झाडें लागलीं आहेत. परंतु ओक वृक्षास १५ वर्षें म्हणजे बालपणच. मुदत संपली आणि धान्याचा भाव चढला, म्हणजे नुकता सावली धरूं लागलेला पट्टा पुन्हां नांगराखालीं जाऊं शकतो.

तथापि आक्षेपांतील सत्य टाकून देतां येत नाहीं. बांधावयाचें तें थोडकेंच बांधावें. कोणतीं झाडें लावावीं, त्यांची निगा कशी राखावी, हें पुढच्यांवर सोडावें. ओढ्यानें पात्र बदललें तर पट्टाही त्याबरोबर सरकावा, अशी सोय लेखांत असावी. आणि ज्यास दुसऱ्याचे हात बांधावयाचे आहेत त्यानें प्रथम आपले बांधून घ्यावे. संरक्षण-लेख करणारा शेतकरी निदान इतकें करतो. नातवाच्या आधीं तो स्वतःच त्या पट्ट्यावरील पीक सोडतो, आणि जीं झाडें लावतो त्यांची पुरी सावली बहुधा त्यास लाभत नाहीं. पुढें नातवास जाब मागावासा वाटलाच, तर तो कोणास व कशासाठीं मागावा, हें त्या लेखांत लिहिलेलें असेल. गाळानें बुजलेल्या ओढ्याविषयीं तितकेंही कोठें लिहिलेलें नसतें.