वाढणाऱ्या हातांची आज्ञा

विमानप्रवासातील एका विसंगतीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पाण्याचा पेला अदबीने पुढे करणारी आणि 'पट्टा बांधा, आसनाची पाठ सरळ करा' असे बजावणारी व्यक्ती तेथे एकच असते. इस्पितळातील परिचारिकेचे आपण ऐकतो, कारण तिच्यामागे डॉक्टर उभा असतो. शिक्षकाचे ऐकतो, कारण तो वाढायला येत नाही. पण ज्याने आत्ताच आपले उष्टे ताट उचलले, त्याने आपल्याला हुकूम सोडावा हे मनाला रुचत नाही. पंगतीतल्या वाढप्याने आज्ञा करण्याची आपल्याकडे रीत नाही. म्हणूनच विमान धावपट्टीवर टेकते न टेकते तोच पट्टे खटाखट सुटतात, माणसे वरचे कप्पे उघडू लागतात आणि 'कृपया बसून राहा' ही विनवणी वाऱ्यावर जाते.

ज्याची सेवा आपण पैसे मोजून घेतली, त्याची आज्ञा पाळण्याचे बंधन आपल्यावर का असावे? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यात आपल्या नीतिकल्पनांचा बराच कस लागतो.

प्रथम एक ऐतिहासिक गोष्ट. जगातील पहिली विमानसेविका एलन चर्च ही १९३० साली अमेरिकेत कामावर रुजू झाली. ती प्रशिक्षित परिचारिका होती आणि तिच्याबरोबर घेतलेल्या इतर तरुणीही परिचारिकाच होत्या. म्हणजे या पेशाचा उगम वाढण्यात नसून जपण्यात आहे. आजही साधारणपणे दर पन्नास आसनांमागे किमान एक कर्मचारी असावा असे कायदा सांगतो, तो चहा वेळेवर मिळावा म्हणून नव्हे. मोठ्या विमानाला परवाना देण्यापूर्वी, निम्मीच दारे वापरून सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर काढता येतात हे सिद्ध करावे लागते. त्या ९० सेकंदांसाठी ही माणसे शिकवून तयार केलेली असतात. चहा-कॉफी हे मधल्या वेळेचे काम. आपण मात्र मधल्या कामावरून त्यांची पायरी ठरवतो.

यावर सुशिक्षित प्रवाशाचे उत्तर ठरलेले असते : 'पट्टा माझा, जीव माझा, धोका पत्करायचा तर तो मीच पत्करीन ना?' व्यक्तिस्वातंत्र्याच्या भाषेत मांडलेला हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे. पण विमानाच्या आतल्या जागेत तो टिकत नाही. आसनाची पाठ मागे रेललेली राहिली तर तिचा अडथळा मागे बसलेल्याला होतो. समोरचा मेज उघडा राहिला तर खिडकीकडचा माणूस अडकतो. खिडकीची झडप वर करायला सांगतात, ती बाहेर आग कोणत्या बाजूला आहे हे दार उघडण्यापूर्वी दिसावे म्हणून. उरला पट्टा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे विमान म्यानमारवरून जात असता हवेच्या खळबळीत सापडले आणि चौकशीच्या प्राथमिक अहवालानुसार साडेचार सेकंदांच्या आसपास सुमारे १७८ फूट खाली आले. ज्यांचे पट्टे बांधलेले नव्हते ते आसनांतून वर उचलले गेले आणि आदळले. एक वृद्ध प्रवासी मृत्यू पावला, कित्येक जखमी झाले. पट्ट्याची खूण पेटल्यापासून हा प्रकार घडेपर्यंत अवघे काही सेकंद गेले होते. अशा वेळी छताकडे भिरकावलेले शरीर खाली कोणाच्या अंगावर येईल, हे त्या शरीराचा मालक ठरवू शकत नाही. 'माझा जीव' ही हद्द तेथे पुसली जाते.

तरीही एक अडचण शिल्लक राहते. शंभर वेळा नियम मोडला तरी शंभरही वेळा काही घडत नाही. मग ज्याच्या बेपर्वाईतून काहीच निष्पन्न झाले नाही, त्याला दोषी म्हणावे काय? आमच्या मते म्हणावे. परिणाम त्याच्या हातात नव्हता. बेपर्वाई मात्र त्याचीच होती. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसला आलेल्या ब्राझीलच्या वारिग कंपनीच्या विमानात मागच्या स्वच्छतागृहात आग लागली, वैमानिकांना ते ओर्ली विमानतळानजीकच्या शेतात उतरवावे लागले आणि १२३ माणसे गेली, बहुतेक धुराने गुदमरून. कचऱ्याच्या पेटीत टाकलेली जळती सिगारेट हे कारण असावे असा संशय होता. त्याआधी किती जणांनी किती विमानांत तशीच सिगारेट टाकली असेल आणि सुखरूप घरी गेले असतील!

आज विमानात धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे. पण वाचकांनी पुढच्या प्रवासात स्वच्छतागृहाच्या दाराकडे जरूर पाहावे. तेथे लहानसे रक्षापात्र बसवलेले दिसेल. ही जुन्या काळाची खूण नव्हे. नव्या विमानातही ते असावेच लागते. बंदी मोडून कोणी सिगारेट पेटवलीच, तर ती विझवायला कचऱ्याच्या पेटीखेरीज जागा असावी म्हणून. बंदी घालणाऱ्याने बंदी मोडणाऱ्याचीही तरतूद करून ठेवली आहे. नियम म्हणजे निव्वळ धाक, असे मानणाऱ्यांनी या इवल्याशा पात्रापुढे क्षणभर थांबावे.

आता सर्वांत अवघड भागाकडे वळू. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर आपटून पेटले. आत ३०० माणसे होती. सगळी वाचली, आगीशी झुंजणारा अग्निशमन दलाचा एक जवान मात्र स्फोटात प्राणास मुकला. त्या वेळची चित्रफीत पुढे जगभर फिरली. धूर दाटलेला, कर्मचारी 'सामान सोडा, उडी मारा' असे ओरडत आहेत आणि माणसे वरच्या कप्प्यांतून पिशव्या काढीत आहेत. पुष्कळांनी त्यांची टवाळी केली. आम्हांला ती टवाळी अनुदार वाटते. त्या मार्गावर आखातात राबणारी माणसे नेहमी ये-जा करतात. अशा माणसाच्या पिशवीत काय असते? पासपोर्ट, नोकरीचे कागद, प्रमाणपत्रे, कर्ज काढून मिळवलेल्या परवान्याचा शिक्का. वसईपासून गोव्यापर्यंत ज्या घरांतून कोणी ना कोणी आखातात गेले आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ती पिशवी जळाली तर जीव वाचूनही संसार जळतो, असे त्याला त्या क्षणी वाटले तर नवल नाही.

तथापि सहानुभूती आणि समर्थन यांत अंतर ठेवले पाहिजे. पिशवी काढायला लागलेले पाच सेकंद तो माणूस स्वतःच्या गाठीचे देत नाही. ते तो मागच्याच्या वाट्यातून घेतो, आणि मागे उभा असणाराही बहुधा तसाच राबणारा असतो, ज्याने कदाचित आपली पिशवी सोडून दिलेली असते. दुबईत त्या सेकंदांची किंमत कोणा प्रवाशाला प्राणाने मोजावी लागली नाही, एवढेच. यावर साधा उपाय आहे. विमान उतरण्यापूर्वी पासपोर्ट आणि महत्त्वाचे कागद खिशात किंवा कमरेच्या पाकिटात ठेवावेत. तेवढे केले की 'सामान सोडा' ही आज्ञा पाळणे निम्म्याने सोपे होते.

ती पाळली की काय होते, हे २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसले. जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या लहान विमानाला धडकले. त्या लहान विमानातील सहांपैकी पाच जण गेले. मोठ्या विमानात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. आतली ध्वनियंत्रणा बंद पडलेली, आठांपैकी तीनच दारे वापरण्याजोगी. कर्मचाऱ्यांनी हातातल्या कर्ण्यातून आणि नुसत्या कंठाने आज्ञा दिल्या. बहुतेक सर्वांनी सामान जागीच सोडले आणि ३७९ जण बाहेर आले. नंतर विमान जळून कोळसा झाले. त्या बारा जणांजवळ ना शस्त्र होते, ना शिक्षा करण्याचा अधिकार. लोकांनी ऐकले म्हणून त्यांचा आवाज चालला.

अधिकार कायद्यानेही दिलेला आहे. १९६३ च्या टोकियो कराराने विमानातील सुव्यवस्थेसाठी कप्तानाला अधिकार दिले आणि भारताने १९७५ साली तसा कायदा केला. २०१७ पासून आपल्याकडे गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या ठरल्या आहेत : शिवीगाळीसारख्या वर्तनासाठी तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि जीवावर बेतणाऱ्या कृत्यासाठी किमान दोन वर्षे प्रवासबंदी. हे सर्व योग्यच आहे. पण हा दंडुका विमान उतरल्यावरचा. आकाशात त्या सेविकेजवळ असतात ते शब्दच. ती आधी विनंती करते, मग कारण सांगते, मग वरिष्ठाला बोलावते, शेवटी कप्तानाला कळवते. आमच्या धर्मग्रामांतल्या किती तरी मुली-मुलगे या पेशात आहेत. 'तू कोण मला सांगणार?' हे वाक्य कोणत्या सुरात उच्चारले जाते, ते त्यांना विचारावे.

संकटाच्या वेळी सामानाचे कप्पे आपोआप कुलूपबंद व्हावेत, अशी एक सूचना अलीकडे पुढे आली आहे. म्हणजे आज्ञा मोडण्याची सोयच उरणार नाही. तिच्यावरचा आक्षेपही विचार करण्याजोगा आहे : कप्पा उघडत नाही असे पाहून माणूस पुढे जाईल की कुलपाशी झटापट करीत तेथेच उभा राहील? उभा राहिला, तर त्याला पुढे ढकलायला आणि 'सोडा ते, चला' म्हणायला त्या सेविकेनेच यावे लागेल.