फळीवरची पाटी

पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 'इरेझर' या २००१ सालच्या कादंबरीतला एक प्रसंग मनातून जात नाही. मंक नावाचा कृष्णवर्णीय लेखक पुस्तकांच्या दुकानात शिरून स्वतःची पुस्तकं शोधतो. साहित्यात नाहीत, समकालीन कादंबऱ्यांत नाहीत. सापडतात ती 'आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास' या पाटीखाली. त्यातलं एक तर ईस्किलसच्या ग्रीक नाटकावर बेतलेलं. त्यात कृष्णवर्णीय काय, तर वेष्टनावरचा लेखकाचा फोटो!

पुढे संतापाच्या भरात मंक टोपणनावानं काळ्या वस्तीतल्या गुन्हेगारीची एक बटबटीत, शिवराळ गोष्ट विडंबन म्हणून लिहितो. प्रकाशक ती खरी मानून सहा लाख डॉलर देऊ करतो. घाबरवावं म्हणून मंक शीर्षकाच्या जागी चक्क एक शिवी ठेवतो, तीही चालते. मग ज्या पुरस्काराचा तो परीक्षक, तिथंच ते पुस्तक दाखल होतं. मी पोट धरून हसलो. पण घरी मंकच्या आईची स्मृती विझत चालली आहे, तिच्या देखभालीला पैसा हवा, हे आठवलं की हसू घशात अडकतं. (यावरचा 'अमेरिकन फिक्शन' हा २०२३ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल.)

मला अस्वस्थ करतो तो प्रकाशकाचा लोभ नव्हे. त्या पुस्तकाची वाहवा करणारे लोक मनापासून बोलतात. दुसऱ्याचं दुःख कसं दिसावं हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं. तसं दिसलं की ते त्यांना अस्सल वाटतं.

आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. म्हणून पाटीचा हा प्रश्न आपल्याला परका नाही. बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मी एका दुकानात कथासंग्रहांत शोधत होतो. विक्रेत्यानं 'दलित साहित्य' लिहिलेल्या फळीकडे बोट दाखवलं. मराठी कथेला हादरवणारं पुस्तक, आणि कथांत त्याला जागा नाही.

अर्थात मंकवर लादलेली पाटी आणि ही पाटी एक नव्हे. हे नाव लेखकांनी स्वतः घेतलं. १९५८ मध्ये मुंबईच्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं, तेही याच नावाखाली. ते पुसायचा अधिकार कुणा विक्रेत्याला नाही, मलाही नाही. माझं मागणं एवढंच, की एक प्रत तिथं राहू द्या आणि दुसरी कथांमध्ये ठेवा. आडनावांच्या क्रमानं लावलं, तर बागूल पु. भा. भाव्यांच्या जरा अलीकडे बसतात.