दोष, कारण आणि कर्ता : मुलाच्या आजाराच्या कथनाविषयी

मराठीत ‘दोष’ हा शब्द दोन भिन्न व्यवहारांत वावरतो. वैद्यकीय लेखनात ‘जन्मजात हृदयदोष’ वा ‘जनुकीय दोष’ असे म्हटले जाते तेव्हा रचनेतील उणीव अभिप्रेत असते, ‘दोष कोणाचा?’ असे विचारले जाते तेव्हा ठपका ठेवण्यासाठी व्यक्ती शोधली जात असते. एरवी हे दोन अर्थ सुखाने शेजारी नांदतात. परंतु ज्या घरातील मुलाच्या पेशींतच ऊर्जा निर्माण होण्याची प्रक्रिया बिघडलेली आहे, त्या घरात पहिला अर्थ नकळत दुसऱ्यात सरकतो. हे सरकणे केवळ भाषिक अपघात आहे, की कथन करण्याच्या आपल्या रीतीतच त्याचे मूळ आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, पेशीला लागणारी बहुतांश ऊर्जा निर्माण करतात. त्यामुळे त्यांच्या आजारांचा तडाखा मेंदू, स्नायू आणि हृदय यांना विशेषत्वाने बसतो. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावणाऱ्या हृदयाला विश्रांती ठाऊक नसते. तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनए असतो. त्यात अवघी ३७ जनुके असतात आणि तो आईकडून येतो. एकाच पेशीत बदललेल्या आणि न बदललेल्या प्रती एकत्र नांदू शकतात, व अंडपेशी घडताना त्यांचे प्रमाण बदलते. म्हणून एकाच आईच्या दोन मुलांपैकी एक जवळजवळ निरोगी आणि दुसरे अत्यवस्थ असू शकते. मात्र तंतुकणिकांना लागणारी हजाराहून अधिक प्रथिने पेशीकेंद्रातील जनुकांवर अवलंबून असतात, आणि बालवयातील अनेक आजारांचे मूळ तेथे, म्हणजे बहुधा आई व वडील या दोघांच्याही वारशात, असते. ‘तंतुकणिकांचा आजार आईचा’ हे समीकरण त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्याही अपुरे आहे.

तरीही हे समीकरण टिकून राहते, याला आपले व्याकरण काही अंशी कारणीभूत आहे. ‘हा आजार मुलाला आईकडून आला’ आणि ‘आईकडून चूक झाली’ या दोन वाक्यांत ‘कडून’ हा एकच शब्द आहे. पहिल्यात तो उगम दाखवतो, दुसऱ्यात कर्ता. डॉक्टर पहिले वाक्य उच्चारतात. ऐकणारी आई, आणि तिच्याभोवतीचे घर, पुष्कळदा दुसरे ऐकते. निवेदकाला अभिप्रेत नसलेला अर्थ श्रोत्याच्या ठिकाणी सिद्ध व्हावा, याचे याहून क्रूर उदाहरण सापडणे कठीण.

येथे एक विशिष्ट आजार समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. पीटर बार्थ या डच बालमज्जातज्ज्ञाने १९८३ मध्ये सहकाऱ्यांसह एका मोठ्या डच कुटुंबाची नोंद प्रसिद्ध केली. त्या कुटुंबात मुलगे तान्हेपणीच दगावत होते; हृदयाचे आणि हातापायांचे स्नायू दुर्बल, व जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी, असे या विकाराचे स्वरूप होते. आज तो ‘बार्थ सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. त्यास जबाबदार जनुक एक्स गुणसूत्रावर असून ते १९९६ मध्ये हाती लागले. तंतुकणिकेच्या आतील पडद्यातील कार्डिओलिपिन हे मेद त्यातील बिघाडामुळे नीट घडत नाही. जनुकाची वाहक असणारी आई सहसा निरोगी असते. तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. काही मुलांत हा बदल नव्यानेच उद्भवतो, आईकडे तो नसतोच.

या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला ‘टॅफॅझिन’ हे नाव मिळाले, ते इटालियन दूरदर्शनवरील ताफात्सी या विनोदी पात्रावरून. स्वतःलाच इजा करून घेणे हा त्या पात्राचा विनोद. संशोधकांच्या दृष्टीने ती प्रयोगशाळेतील थट्टा होती. परंतु आपल्या मुलाच्या कागदपत्रांवर तो शब्द वाचणाऱ्या कुटुंबाला त्या थट्टेत स्थान नव्हते. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो हे आपण वर्गात शिकवतो. ते यादृच्छिक चिन्ह आयुष्यभर वागवणाऱ्याच्या लेखी मात्र ते तसे राहत नाही.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कथा आणि कथानक यांत केलेला भेद परिचित आहे: कथेत घटनांचा क्रम असतो, कथानकात कार्यकारणभाव. आजारी मुलाचे आईवडील कथेवर थांबू शकत नाहीत. ‘मग काय झाले’ यापेक्षा ‘का झाले’ हा प्रश्न त्यांना छळतो. गरोदरपणातील एखादे औषध, एखादा प्रवास, नात्यातील लग्न, कुळातील जुने मृत्यू अशा तपशिलांची पुनर्मांडणी सुरू होते. येथे कथानक-व्यवस्थेची मर्यादा उघड होते. आपल्या कथनपरंपरेत कारण बहुधा कृतीच्या रूपाने येते आणि कृतीला कर्ता लागतो. ॲरिस्टॉटलच्या शोकात्मिकेतही नायकाचे पतन दुष्टपणाने नव्हे, प्रमादाने घडते; पण प्रमाद करणारा कोणीतरी असतोच. जनुकीय बदल हे मात्र कर्ता नसलेले कारण होय. ती रिकामी जागा कथन सहन करीत नाही, आणि जवळचीच व्यक्ती तेथे नेऊन बसवते.

उलट बाजूने सांत्वनाचे वाक्य येते: ‘यात तुमचा काही दोष नाही.’ ते सत्य आहे; परंतु पुरेसे आहे काय? बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ च्या ‘मॉरल लक’ या निबंधात अशा ट्रकचालकाचे उदाहरण घेतले आहे, ज्याच्या गाडीखाली त्याची चूक नसताना एक मूल सापडते. त्याने तटस्थ प्रेक्षकाइतकीच हळहळ व्यक्त केली, तर आपल्याला ते खटकेल. आईच्या बाबतीत तर कृतीही नाही, केवळ वारसा आहे. तरीही तिच्या अपराधभावनेला निव्वळ गैरसमज म्हणून मोडीत काढणे म्हणजे तिचे मुलाशी असलेले नातेच निष्प्रभ करणे होय. त्या भावनेत निवाडा चुकीचा आहे, बांधिलकी खरी आहे. त्यातील निवाडा बाजूला काढून बांधिलकी शिल्लक ठेवता येणे, हे नैतिकदृष्ट्या आवश्यक असे काम आहे.

या कामी आपल्या काव्यशास्त्रातील एक वाद साहाय्यभूत ठरतो. मम्मटाने काव्याच्या व्याख्येतच शब्दार्थ दोषरहित असावेत अशी अट घातली. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला: ही अट मानली तर काव्य विरळच होईल, किंबहुना उरणारच नाही. किडीने पोखरलेल्या रत्नाचे मोल कमी होईल, रत्नपण जात नाही. म्हणजे दोष हा उत्कर्ष-अपकर्षाचा विषय आहे, अस्तित्वाचा नव्हे. हा विचार मुलाकडे वळवताना सावध राहावयास हवे, कारण मूल ही आईवडिलांची रचना नव्हे आणि त्याच्या मोलाचे तरतम आपण ठरवू शकत नाही. तथापि ‘दोष आहे’ या विधानातून ‘असणेच सदोष आहे’ हा निष्कर्ष निघत नाही, एवढे विश्वनाथाकडून निश्चित घेता येते.

आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजारकथनांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ववत होण्याचे, विस्कळीततेचे आणि शोधाचे. पहिल्या प्रकाराचे आकर्षण सर्वाधिक असते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने बार्थ सिंड्रोमवरील एलामिप्रेटाइड या औषधाला त्वरित मान्यता दिली, ती स्नायूंची ताकद वाढण्याच्या आधारावर आणि किमान ३० किलो वजनाच्या रुग्णांपुरती. ज्या वयात हृदयाला सर्वाधिक धोका, ते तान्हेपण या मर्यादेबाहेर राहिले. ‘पूर्वी’ असे निरोगी स्थान जन्मजात आजारात मुळातच नसते, त्यामुळे पूर्ववत होण्याचे कथन येथे अडखळते. उरते ते दिनक्रमाचे कथन: तापाचा प्रत्येक आकडा, रात्रीचा उपास लांबू नये म्हणून झोपण्यापूर्वी दिलेले मक्याचे स्टार्च, पुढच्या इकोकार्डिओग्राफीची तारीख. त्यात उत्कर्षबिंदू नाही, म्हणून समीक्षा त्याला सहसा कथन मानत नाही. वस्तुतः कर्त्याचा शोध थांबवून कर्तव्याकडे वळलेले कथन ते हेच; त्यातील प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे, आणि एकही क्रियापद आरोपाचे नाही.

हे कथन आज आईवडिलांच्या मुखी आहे. परंतु उपचार सुधारल्यामुळे बार्थ सिंड्रोम असलेले अनेक मुलगे आता प्रौढ होत आहेत, आणि त्यांच्या आयुष्याचे प्रथमपुरुषी निवेदन करण्याचा अधिकार त्यांचा आहे. आईने ज्याला आपला दोष म्हटले, त्याला ते कदाचित केवळ आपले शरीर म्हणतील. त्या वेळी आईवडिलांनी रचलेले कथानक खोडून काढण्याची मोकळीक त्यांना असावी. आणि ती असावी म्हणून आईवडिलांनी व आपण वाचकांनीही आजच त्यात आरोपी नेमून ठेवू नये.