बोडके डोंगर

मे महिन्याच्या सुटीत आम्ही कोकणातल्या उकाड्यातून निघालो आणि थेट टास्मानियाच्या थंडीत जाऊन पडलो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या या बेटावर तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला असतो. मेलबर्नला आपा आणि दुल्हाभाई राहतात. त्यांनी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली होती. म्हणजे चाकांवरची एक खोलीच म्हणा: दोन बाकडी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. रात्री पारा 3-4 अंशांवर यायचा, सकाळी काचा आतून ओल्या असायच्या आणि वुजूचे पाणी हाताला चावायचे. "बोलावून गारठवून मारलं, असं अम्मीला सांगू नकोस," आपा म्हणाली. किबला मात्र तिथेही जवळपास पश्चिमेलाच. एवढ्या दूर जाऊन तेवढे बदलले नाही, याचे नवल वाटले.

पण प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा इरादा नाही. क्वीन्सटाउन नावाच्या गावाने एक प्रश्न गळ्यात टाकला, तो अजून उतरलेला नाही.

क्रेडल माउंटनच्या अरण्यातून निघून रोझबेरी, झीहान ही खाणींची गावे मागे टाकत आम्ही तिथे पोचलो. वाटभर ओलेचिंब, शेवाळलेले जंगल होते. इथे मात्र डोंगरांवर झाडच दिसेना. नुसते गुलाबी, पिवळे, राखाडी खडक. 1896 साली माउंट लायलच्या खाणीतले तांबे इथे वितळवायला सुरुवात झाली. भट्ट्यांसाठी जंगल तोडले गेले, उरलेले गंधकाच्या धुराने आणि वणव्यांनी संपवले, आणि वर्षाला अडीच मीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसाने माती धुऊन नेली. 1994 पर्यंत खाणीचा सुमारे 10 कोटी टन गाळ नदीत सोडला गेला. गावातले फुटबॉलचे मैदान आजही खडीचे आहे. मुले त्याच्यावर पडतात, गुडघे सोलतात आणि त्याचाच अभिमान बाळगतात.

1969 मध्ये भट्टी बंद झाली. उतारांवर हळूहळू हिरवळ परतू लागली, तेव्हा गावातल्याच काही लोकांना ते रुचले नाही. डोंगर असेच बोडके राहावेत, असे त्यांना वाटले. पर्यटक ते पाहायलाच येतात, हे एक कारण. पण तेवढेच नसावे. 12 ऑक्टोबर 1912 रोजी याच खाणीत आग लागून 42 कामगार मेले. ज्यांचे आजे-पणजे तिथे राबले आणि गेले, त्यांना डोंगराची हिरवळ म्हणजे कुणीतरी नाव पुसतेय असे वाटत असेल, तर त्यांना वेडे कसे म्हणावे? जखम भरू द्यावी की खूण म्हणून राखावी? आणि हे ठरवण्याचा हक्क कुणाला?

आमचे पहिले उत्तर मास्तरकीचे होते. निसर्गाचा नाश वाईट, झाडे लावा. बी.एड.ला आम्ही पर्यावरणावर पाठ घेतले आहेत, गुणही चांगले मिळाले होते. पण जवळच फ्रँकलिन नदी वाहते. तिचे खोरे बुडवणारे धरण 1983 मध्ये न्यायालयाच्या निकालाने थांबले. अरण्य वाचले म्हणून बाहेरचे लोक आनंदले. या भागातल्या अनेकांना मात्र रोजगारासाठी ते धरण हवे होते. शिवाय ज्याला 'अरण्य' म्हणायचे, तिथल्या कुटिकिना गुहेत सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी माणसे राहत होती. मग निर्मनुष्य तरी ते कधी होते?

दुल्हाभाईंनी आणखी एक सांगितले. 1999 पासून ही खाण एका भारतीय उद्योगसमूहाकडे होती आणि इथले तांबे वितळवायला तमिळनाडूत तुतिकोरीनला जाई. 2014 मध्ये कामगारांच्या अपघाती मृत्यूंनंतर खाण बंद पडली. आमच्या वर्गातल्या पंख्यात यातले थोडे तांबे असेलही. ज्याची तार आपल्या घरात आहे, त्याने कुठल्या तोंडाने नाक मुरडायचे?

त्या रात्री व्हॅनमध्ये दोन रजया घेऊनही झोप लागेना. आमचे अब्बा आयुष्यभर जांभ्याच्या चिरेखाणीत मुकादम होते. आमची फी त्याच पगारातून गेली, घरही त्याच चिऱ्यांचे. खाण संपली, खड्डा तसाच राहिला. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो आणि शाळेतल्या पोरांना आम्ही दरवर्षी बजावतो, तिकडे फिरकू नका. तो बुजवा, असे ग्रामसभेत बोलायला आम्ही एकदा उठलो होतो. समोर अब्बा बसले होते. दुसऱ्याच विषयावर बोलून खाली बसलो.

घरी आल्यावर अब्बांना फोटो दाखवले. अरण्याचे त्यांनी भराभर पुढे सरकवले. बोडक्या डोंगराच्या फोटोवर मात्र थांबले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"यांचं पावसाचं पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारले.

"नदीत," आम्ही म्हणालो. "नदी तांबडी झालीय."

त्यांनी फोन परत दिला आणि यंदा पाऊस कधी लागेल, असे विचारू लागले.