खुंटाचं म्हणणं

आपला गुलाब फुलत नाही अशी नुसती कुणकुण लागू द्या, म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये किती कृषितज्ज्ञ दडून बसलेले असतात ते कळतं. तळमजल्यावरचे काका म्हणतात, युरिया घाला. वरच्या वहिनी म्हणतात, चहाचा चोथा घाला. समोरचे एक गृहस्थ, ज्यांच्याकडे तुळससुद्धा टिकत नाही, ते म्हणाले, "झाडाशी बोलत जा." मी बोललो असतो हो, पण दिवसभर बँकेच्या काउंटरवर बोलून आल्यावर मी घरातल्यांशीही बोलत नाही, तिथं झाडाशी काय बोलणार?

तपासायच्या गोष्टी तशा मोजक्याच. गुलाबाला रोज निदान सहा तास ऊन हवं. भिंतीच्या सावलीत ठेवून त्याच्याकडं फुलं मागणं म्हणजे खात्यात पैसे न भरता व्याज मागण्यासारखं आहे. युरिया फार झाला तर झाड पानांनी भरून येतं, बघणारा खूश होतो, कळी मात्र येत नाही. शिवाय गुलाब फुलतो तो नव्या फुटीवर, म्हणून पावसाळा संपला की छाटणी करायची. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत फुलं दिसायला पाहिजेत. आमच्या गच्चीतल्या कुंडीला ऊन होतं, खत बेतानं होतं, ऑक्टोबरात छाटणीही झाली होती. तरी डिसेंबर संपत आला आणि फूल नाही. झाड मात्र दणकट! एक फिक्कट हिरवी, लांबलचक फांदी तर कठड्याबाहेर वाकून रस्त्यावरची रहदारी बघत होती. आमची सौ. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवत असे.

गुन्हेगार तीच निघाली.

त्याचं असं आहे, की आपण 'ग्लॅडिएटर' किंवा 'पीस' म्हणून रोप आणतो ते बहुतेक वेळा एक झाड नसतंच. दोन असतात. खाली रानगुलाबाचा खुंट, आणि त्याच्या सालीत खाच मारून बसवलेला भारी गुलाबाचा डोळा. डोळा धरला की वरचा खुंट छाटून टाकतात. मग मुळं रानगुलाबाची आणि फुलं, रंग, वास, नाव सगळं डोळ्याचं! फ्रान्सच्या मेयाँ यांच्या त्या प्रसिद्ध गुलाबाला १९४५ साली, महायुद्ध संपता संपता, 'पीस' हे नाव मिळालं. जगभर तो लागला, पण त्यातही बहुतेक ठिकाणी शांतता उभी राहिली ती दुसऱ्याच्याच पायावर.

आता कधीतरी त्या खुंटालाही वाटतं, की आपणही एखादी फांदी काढावी. ती डोळ्याच्या गाठीच्या खालून फुटते. मुळाला जवळची म्हणून अन्नपाणी आधी तिला, आणि वरचा मानकरी हळूहळू वाळत जातो. ती ओळखायची कशी? लोक पानं मोजतात. एका देठावर पाच म्हणजे कुलीन, सात म्हणजे रानटी. एवढ्यावर कुणाला फाशी देऊ नये, कारण चांगल्या घरच्या गुलाबालाही कधीकधी सात पानं येतात. माती उकरून फांदी नेमकी कुठून निघाली ते बघावं, हाच खरा पुरावा.

बागकामाच्या पुस्तकांत या फांदीला 'सकर' म्हणतात. म्हणजे शोषणारी. मला खटकतं ते इथं. काढायची तर काढा, पण शोषणारी? मुळं तिच्या घरची, माती धरून बसलेलं तिचं खोड, आणि आयतं येऊन बसला तो डोळा. भांडवल ज्याचं त्यालाच उधारीच्या बाजूला टाकायचं, ही नोंद बी. कॉम.ला कुणी केली असती तर परीक्षकानं नापास केलं असतं.

उलट बाजूही नाही असं नाही. खुंट म्हणून पुष्कळ ठिकाणी वापरतात तो रोझा मल्टिफ्लोरा मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारनंच त्याचा प्रचार केला, की शेताला कुंपण म्हणून लावा, मातीची धूप थांबेल. त्यानं कुंपण तर केलंच, पण मग तो कुरणंच्या कुरणं गिळत सुटला, आणि आता तिकडं बऱ्याच राज्यांत त्याची गणना उपद्रवी तणांत होते. तेव्हा दाबून ठेवलेला प्रत्येक जण संधी मिळताच सज्जन निघतो, असंही नाही.

मी कात्री घेऊन असा दोन रविवार विचार करत बसलो होतो. याला सौ. 'चालढकल' म्हणते. तेवढ्यात गावाहून दादा आला. दादा सातवीनंतर शाळा सोडून किराणा दुकानात पुड्या बांधायला लागला, म्हणून मी बी. कॉम. झालो. आमच्या दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे, पदवीसकट.

"दादा, ही फांदी काढायची म्हणतात."

"मग काढ की."

"अरे, पण मुळं तिची आहेत!"

"मुळं राहतायत की. फांदीच काढायचीय." दादा हसला. "हापूसच्या कलमाला खालून रायवळाचा फुटवा आला तर कुणी ठेवतं काय?"

ज्याच्या वतीनं मी दोन रविवार भांडत होतो, तोच समोरच्या पक्षाचा साक्षीदार निघाल्यावर पुढं काय बोलणार? त्याचं म्हणणं मला पटलेलं नाही. त्यानं राजीखुशीनं सोडलं म्हणून मी घेतलेलं फिटतं असं थोडंच आहे? पण दादाला हे असलं काही ऐकवायला गेलं तर तो "चहा कर" म्हणतो.

कात्रीही त्यानं मला वापरू दिली नाही. कापलं तर बुडखा राहतो आणि एकाच्या चार फुटतात. बोटांनी माती बाजूला करून त्यानं ती फांदी बुडापासून ओढून काढली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत ठेवली.

"हे कशाला?"

"गडग्याला लावतो. काटे बरे आहेत, गुरं आत येणार नाहीत."

मी त्याला अमेरिकेतली हकीकत सांगणार होतो, पण एस. टी. ची वेळ झाली होती.