अंगठा बदलून मिळत नाही

2021 साली नागपूरच्या मानकापूर आधार केंद्रावर एका मुलाची नोंदणी काही केल्या होईना. लहानपणी रेल्वे स्थानकावर सापडलेला, बुद्धीने अधू असलेला हा मुलगा नागपुरातल्याच एका कुटुंबाने वाढवला होता. शाळेसाठी आधार हवं होतं आणि यंत्र नोंदणी नाकारत होतं, कारण त्याचे ठसे जबलपूरला वेगळ्या नावाने आधीच नोंदलेले होते. तेवढ्या धाग्यावरून त्याचे आईवडील सापडले. नाव बदललं, गाव बदललं, घर बदललं. बोटं तेवढी तीच राहिली. ही किमया मी मनापासून मान्य करतो. पण बोटं बदलत नाहीत, नेमक्या याच कारणाने पैशाच्या व्यवहारात एकट्या अंगठ्यावर विसंबणं चूक आहे. हा माणूस कोण, हे अंगठा सांगतो. या घडीला त्याची संमती आहे का, हे तो सांगू शकत नाही.

किल्लीचं बळ ती लपवता येण्यात आणि हरवली तर कुलूप बदलता येण्यात असतं. ठसा ना लपतो, ना बदलतो. चहाच्या पेल्यावर, दुकानाच्या काचेवर आपण तो दिवसभर सोडत असतो. घराचा दस्त नोंदवताना तर तो मुद्दाम घेतला जातो: बोट शाईवर दाबून कागदावर हलकेच फिरवतात आणि रेष न् रेष मोजता येईल असा ठसा उमटतो. 2018 साली तेलंगणात मोबाइलची सिम विकणाऱ्या एकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांमधून असेच ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याचं पोलिसांनी उघडकीला आणलं. त्यात नवल नव्हतं. जपानचे संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी 2002 मध्येच जिलेटिनच्या बोटांनी यंत्रं फसवून दाखवली होती. आणि गावोगावच्या बँक मित्राकडच्या यंत्रावर पैसे काढायला काय लागतं? बँकेचं नाव, आधार क्रमांक, अंगठा. पिन नाही, ओटीपी नाही.

यावर आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाचं उत्तर असं, की ठशांचा मध्यवर्ती साठा कधीच फुटलेला नाही, आणि बोट जिवंत आहे की नकली हे ओळखणारी तपासणी 2023 पासून लागू आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तरी प्रश्न उरतोच. दस्तावरचा ठसा चोरायला तिजोरी फोडावी लागत नाही. शिवाय यंत्राची चाळणी जितकी बारीक करावी तितका खरा माणूसही तिच्यात अडकतो. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली, वीटभट्टीवर झिजलेली बोटं घेऊन रेशन दुकानात उभ्या राहणाऱ्यांना ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य नवीन नाही. चोराला अडवण्याची किंमत सर्वांत आधी कष्टकऱ्याच्या बोटांकडून वसूल होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे फोन नाही, ज्याच्या गावात बँकेची शाखा नाही, त्याचा आधार हा अंगठाच. म्हणून ही सोय मोडा, असं मी म्हणणार नाही. पण फसवणुकीचा फटका कोणाला बसतो ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर भार पडत नाही. दोष त्याचा असल्याचं बँकेलाच सिद्ध करावं लागतं. नियम चांगला आहे. मात्र खात्याला फोन जोडलेला नसेल, तर पैसे गेल्याचं पासबुक भरून आणल्यावरच कळतं. आधारची बायोमेट्रिक माहिती ‘लॉक’ करायलाही नोंदवलेला मोबाइल क्रमांक लागतो. म्हणजे ज्याला कुलपाची सर्वाधिक गरज, त्याच्याच हाती कुलूप नाही.

म्हणून सुरुवात उलट टोकाकडून व्हायला हवी. खातेदाराने शाखेत येऊन स्वतःहून मागितल्याशिवाय अंगठ्यावर पैसे काढण्याची सोय कोणत्याही खात्यावर सुरू नसावी, आणि सुरू केल्यावर नकली ठशाने पैसे गेले तर ते बँकेने भरून द्यावेत. तोवर, ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी आपली बायोमेट्रिक माहिती आजच लॉक करावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांचीही करून द्यावी.