अंगठ्याची साक्ष

"माहा अंगठा तं माह्या हातालेच हाये भाऊ, मंग पैसे काढाले गेला कोन?"

अक्काने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही दोघे भाऊबहीण बँकेच्या पायरीवर बसलो होतो. २०२२ सालच्या दिवाळीच्या आधीचा आठवडा. अक्का माझी थोरली बहीण. विधवा झाली आणि तामशीला माझ्या शेजारच्या घरात राहू लागली. घरावरची कवेलू काढून पत्रे टाकायचे म्हणून तिने दोन हंगामांच्या कापसाचे पैसे खात्यावर जपून ठेवले होते. पासबुकावर नोंदी करून घेतल्या तेव्हा कळले की, दोन महिन्यांपूर्वी चार खेपांनी छत्तीस हजार रुपये निघून गेलेले आहेत. चेक नाही, सही नाही. आधार क्रमांक आणि अंगठा, एवढ्यावर रक्कम उचललेली. निरोप गेला होता तो तिच्या मृत पतीच्या मोबाइलवर, आणि तो क्रमांक कधीच बंद पडलेला.

काउंटरवरचे गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "आजी, अंगठा जुळल्याशिवाय यंत्र पैसे देतच नाही. घरात विचारून पाहा."

घरात विचारून पाहा, हे त्यांचे शेवटचे तीन शब्द आमच्याबरोबर तामशीपर्यंत आले. अक्काला मशीनवर पैसे काढायला नेहमी माझा धाकटा मुलगा घेऊन जाई. तिचे बोट धरून काचेवर ठेवणारा तोच. त्या रात्री कोणी उघड काही बोलले नाही, पण त्याच्या आईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मी एकदा त्याच्याकडे. अखेर मीच म्हणालो, "तुला पैशाची काही अडचण होती का? असेल तर सांग." तो पुढ्यातले ताट सारून उठला. पस्तीस वर्षे शाळेत मी मुलांना सांगत आलो की, पुराव्यावाचून कोणाला चोर म्हणू नये. त्या रात्री माझ्यापाशी पुरावा होता असे मला वाटत होते. यंत्राने साक्ष दिली होती.

चोराने छत्तीस हजार नेले हे खरे. पण त्याने नेमके काय चोरले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

कायद्याने या गुन्ह्याला नाव दिलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली जी दुरुस्ती झाली तिने दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा त्याची ओळख पटवणारी अशीच कोणतीही खूण लबाडीने वापरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आपण त्याला ओळखीची चोरी म्हणतो. पण मराठीतला 'ओळख' हा शब्द जरा निरखून पाहावा. तो 'ओळखणे' या क्रियापदावरून आला, आणि ही क्रिया दुसऱ्याने करायची असते. मी मला ओळखत नाही, गाव मला ओळखते. म्हणजे माझी ओळख ही माझ्या पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. ती शेजाऱ्यापाशी, सोयऱ्यापाशी, दुकानदारापाशी, बँकेपाशी थोडी थोडी ठेवलेली ठेव आहे. मग ती चोरीला जाते याचा अर्थ, ज्यांनी मला ओळखायचे त्यांना कोणीतरी फसवले. आणि ती परत मिळवायची तर मी एकट्याने मिळवू शकत नाही. ज्यांच्यापाशी ती ठेव होती त्यांनीच ती परत करायला हवी.

आपल्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. त्यानंतर भाऊ म्हणवणारा एक मनुष्य पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला कैदेत टाकले. परंतु १७७६ साली तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली आली. महादजी शिंदे आदी सरदारांनी त्याचा मोड केला आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे ही हकीकत आपल्या घरोघर ठाऊक झाली. तोतया इतका का फावला? कारण भाऊ परत यावेत अशी लोकांची इच्छा होती. पार्वतीबाईंनी पतीचे निधन मानलेच नव्हते. लोकांच्या दुःखात जिथे फट होती तिथून तो आत शिरला.

आजचा तोतया दुःखाच्या फटीतून येत नाही, सोयीच्या फटीतून येतो. त्याला भाऊसारखे दिसावे लागत नाही, बोलावे लागत नाही. त्याला फक्त एका यंत्राची खात्री पटवायची असते.

आणि हा अंगठा तरी आला कुठून? १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधल्या जंगीपूरला एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंज्याचा ठसा घेतला. पुढे करार नाकारता येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. त्यातूनच पुढे १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. त्या शास्त्राची घडी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच दोघा अंमलदारांचा मोठा वाटा होता. सही बनावट होऊ शकते, अंगठा होऊ शकत नाही, या विश्वासावर आपल्या दोन-चार पिढ्यांनी जमिनी घेतल्या आणि विकल्या. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला देशातले पहिले आधार दिले गेले तेव्हाही आधार होता तो याच विश्वासाचा. त्याने काही भले झाले नाही असे मी म्हणणार नाही. ज्यांच्यापाशी कसलाच कागद नव्हता अशा कितीतरी माणसांना त्यामुळे पहिल्यांदा सरकारदरबारी नाव मिळाले.

पण जून २०१८ मध्ये आपल्याच तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात धर्मारामचा एक सिमकार्ड विकणारा पोलिसांनी पकडला. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर जमिनीचे दस्त सगळ्यांना पाहण्यासाठी खुले होते. त्यांवरचे अंगठे त्याने उतरवून घेतले, त्यांचे रबरी ठसे पाडले आणि इतरांच्या नावावर हजारो सिमकार्डे चालू केली. ज्या दस्ताने माणसाची मालकी राखायची त्याच दस्ताने त्याचा अंगठा चोराच्या हाती दिला. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलून मिळत नाही.

अक्काचाही अंगठा वाटणीच्या दस्तावर आहे, पेन्शनच्या कागदावर आहे, रेशनच्या यंत्रावर आहे. ठसा नेमका कुठून गेला हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

या सरहद्दीच्या मुलखात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचकांना मी सांगायला नको. आपल्या आजोबांच्या जमिनीचे कागद निजामाच्या अमदानीतले, उर्दूतले. १९५६ साली किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो, आणि कागद तेलुगूत आले. तेलुगूत घराचे नाव आधी, मराठीत आडनाव शेवटी. बँकेत नुसते एक इंग्रजी आद्याक्षर. अक्काचे नाव पासबुकात एक, पट्ट्यावर दुसरे, आधारवर तिसरे. तक्रार देताना तिला आधी शपथपत्र करून द्यावे लागले की, या तिन्ही नावांची बाई एकच. चोराचा खोटा अंगठा यंत्राला एका क्षणात पटला. खऱ्या बाईला आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला तीन आठवडे लागले.

तरी वाट सापडली, ती अक्कामुळेच. बँकेने चारही व्यवहारांच्या तारखा दिल्या तेव्हा पहिली तारीख ऐकून ती म्हणाली, "त्या दिशी तं पोया होता! म्या बैलं ओवाळले. थो पोट्टा मारुतीपाशी तोरनाखाली जोडी धरून हुभा होता. साऱ्या गावानं पाह्यलं." आणि व्यवहार झालेले यंत्र परराज्यातले होते. अर्जासोबत पंधरा जणांच्या सह्या गेल्या. मराठी होते, तेलुगू होते, एक गोंड आजोबा होते. यंत्राच्या साक्षीपुढे गावाची साक्ष उभी राहिली. पोलिसांत तक्रार, बँकेला लेखी अर्ज, वरचेवर हेलपाटे. सात महिन्यांनी पैसे खात्यावर परत आले.

आता खरा नैतिक प्रश्न. यात अक्काची चूक कोणती? भेटेल तो तिला विचारी, "तुम्ही कोणालाही अंगठा कसा देता?" तिने तो कोणालाही दिला नव्हता. तहसील, रेशन, पेन्शन, बँक, ज्यांनी मागितला त्यांना दिला, कारण तो दिल्यावाचून तिचे काहीच चालत नव्हते. जो देणे भाग आहे ते देणाऱ्याला निष्काळजी म्हणणे म्हणजे चोराचा अपराध त्याच्या माथी मारणे. जो मागतो त्याच्यावर ते जपण्याचे ओझे जास्त असले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हेच तत्त्व घालून दिले: दोष ग्राहकाचा नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान त्याचे नाही, आणि चूक ग्राहकाची होती हे दाखवण्याची जबाबदारी बँकेची. अक्काला कळायलाच दोन महिने गेले, हा भाग निराळा.

म्हणून सावधगिरी नको असे नाही. मात्र सावधगिरी आणि संशय यांत मी फरक करतो. घराला कडी लावणारा मनुष्य शेजाऱ्याला चोर समजत नाही. तशा काही कड्या आता आम्ही लावल्या आहेत, त्या लिहून ठेवतो. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या अ‍ॅपवरून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि काम पडेल तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येतात. माहितीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. पूर्ण क्रमांकाऐवजी शेवटचे चार आकडेच दाखवणारे आधार काढता येते, प्रत देताना तेच द्यावे आणि प्रतीवर कामाचे कारण व तारीख लिहावी. बँकेत आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदवावा, आणि पासबुक महिन्याला भरून घ्यावे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या नावावर न घेतलेले कर्ज तर नाही ना, हे पाहण्यासाठी सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आणि पैसे गेलेच, तर लाजत घरी बसू नये. त्याच घटकेला १९३० वर फोन करावा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता आले तरच हाती लागतात. त्यानंतर बँक आणि पोलीस, दोन्हीकडे लेखी तक्रार आणि तिची पोच.

पण कार्यालये परत देतात ते पैसे आणि कागद. माझ्या मुलाचे काय? त्याची ओळख तर मीच मोडली होती. चोराला त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्याच्या ओळखीचा सर्वांत मोठा वाटा माझ्यापाशी ठेव म्हणून होता, आणि एका कागदी पट्टीवर विश्वासून मी ती ठेव बुडवली. बँकेचे यंत्र फसले हे मी समजू शकतो. त्याने या मुलाला कधी पाहिले नव्हते. मी त्याला चोवीस वर्षे पाहत होतो.

पैसे परत आल्यावर सगळे म्हणाले, चला, मिटले. मला ते मिटलेले वाटेना. एका संध्याकाळी शेतातून परत येताना मी त्याला म्हणालो, "मी तुला तसे विचारायला नको होते." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, आत्याने एकदाही विचारले नाही."

ते खरे होते. अक्काला अक्षर येत नाही. यंत्र काय म्हणते ते तिला कळत नव्हते, आणि ज्या मुलाने आपले बोट धरले तो कसा आहे हे तिला पक्के ठाऊक होते. मला वाचता येत होते, म्हणून मी पट्टीवर विश्वास ठेवला.

यंदा अक्काच्या घरावर पत्रे आहेत. लक्ष्मीपूजनाला ती पासबुक चौरंगावर ठेवते, त्याला हळदकुंकू वाहते. महिन्याच्या महिन्याला ते भरून आणायचे काम माझ्या मुलाकडेच आहे. तिनेच सांगितले, दुसऱ्या कोणाला पाठवायचे नाही.